सतरावी साक्ष

दुपारचं जेवण उरकून आंद्रेस कुआउत्ली मठातून निघाला तेव्हा काम साधंच होतं. पापान आजीकडे जायचं, चार ओळींची साक्ष लिहायची, खाली सही म्हणून तिच्या हातून क्रूसाची खूण काढून घ्यायची आणि परतायचं.

मठातले पाद्री हेरोनिमो या मुलखाचा इतिहास लिहीत होते. ते स्पॅनिशमध्ये लिहीत, आंद्रेस ते गावाच्या भाषेत उतरवी आणि दर रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवी. सध्या प्रकरण चाललं होतं याच गावच्या, अतेनकोच्या, देवळाच्या आवारात चाळीस वर्षांपूर्वी झालेल्या कत्तलीचं. पण त्यात कत्तल नव्हतीच. लोकांनी समुद्रापलीकडून आलेल्या स्पॅनिश पाहुण्यांना देव मानून गुडघे टेकले, काही दुष्टांनी दगा केला, तेव्हा संत सांतियागो पांढऱ्या घोड्यावरून आकाशातून उतरले आणि त्यांनी दुष्टांना कापून काढलं, असं त्यात होतं.

पहिल्या रविवारी म्हातारी माणसं तोंडावर हात धरून हसली. चौथ्या रविवारी कुणी हसलं नाही. सातव्या रविवारी एक म्हातारा उठून म्हणाला, "पांढरा घोडा... पाहिला होता मी." मग एकेक करत सोळा जणांनी साक्ष दिली. बोलताना सगळ्यांची नजर मात्र दाराकडे असायची.

राहिली होती एकटी पापान. तिचं घर तळ्याच्या काठी, गावापासून दूर होतं. आंद्रेस पोचला तेव्हा पाण्यावरून धुकं चढत होतं आणि भर दुपारी झोपडीत अंधारून आलं होतं.

"ये लेकरा. पाद्र्यानं पाठवलं ना?" ती चुलीपाशी बसली होती.

"आजी, तुम्ही त्यांना देव मानलं होतं का?"

"देव?" ती हसली. "आठ दिवस आमच्या घरी होते. तळ्याचं पाणी बाधलं त्यांना, सगळ्यांना जुलाब. रानात जायला वाट दाखवायची मी. असल्यांना देव म्हणू होय?"

मग तिने सांगितलं. सण होता. तिचा भाऊ ढोल वाजवत होता. आवाराचे दरवाजे लागले. पहिला वार ढोलावरच्या हातांवर झाला. मारणारा लाल दाढीचा, आदल्या रात्री तिच्या हातचे तमाल, पानात उकडलेले मक्याचे उंडे, खाल्लेला. त्याचं घोडं तांबडं होतं आणि एका पायानं लंगडत होतं.

आंद्रेसने शब्द न् शब्द लिहिला. लिहिताना त्याचे कान तापले. हेच सारं त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं, आणि तरीही पाद्र्यांच्या त्या दुसऱ्या गोष्टीला गावाची भाषा त्यानेच दिली होती.

तेवढ्यात भिजलेल्या घोड्याचा वास आला.

"आला," पापान हळूच म्हणाली. "तू पहिल्यांदा वाचलंस ना, त्या रविवारपासून येतोय."

"कोण...?"

"त्या दिवशी नव्हता तो. आत्ता आहे. दारात उभा राहतो आणि वाट बघतो... मी हो म्हणायची."

आंद्रेसने मान वळवली. धुक्यात पांढरी कूस वर-खाली होत होती. वर कुणी बसलं होतं. तोंड दिसत नव्हतं. रिकिबीतला पाय मात्र अगदी स्वच्छ होता, कधी जमिनीला लागलाच नसावा असा.

"तू तिथं नव्हतास," पापान दारातल्या स्वाराला शांतपणे म्हणाली. "माझ्या भावाला माणसानं मारलं. माणसानं."

तिने कागदावर क्रूस काढला.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधीच आंद्रेसने तो कागद पाद्र्यांपुढे ठेवला.

"एक म्हातारी," हेरोनिमो वाचून म्हणाले. "आणि समोर सोळा साक्षी."

"ते सोळा जण आधी हसले होते, फादर."

"माझ्या आजोबांच्या गावीही सांतियागो असेच आले होते. तिथेही लोकांनी पाहिलं."

"तिथे कुणाला मारलं होतं?"

पाद्र्यांनी कागद मेजाच्या कडेला सारला. आंद्रेसचा आवाज चढला नाही, पण कापू लागला. "खून तुमच्या लोकांनी केले आणि आकाशावर ढकलले. वर आम्हीच गुडघे टेकले म्हणून लिहिता. या प्रकरणाला माझा हात आता लागणार नाही."

तिसऱ्या दिवशी पापान उंबऱ्यावर मेलेली सापडली. छाती खुराखाली आल्यासारखी आत दबली होती. अतेनकोत पाद्र्यांच्या खेचराखेरीज तसा खूर असलेलं जनावर नव्हतं, आणि खेचर ठाणावरच बांधलेलं होतं. त्याच आठवड्यात हेरोनिमोंनी स्वतःच्या हाताने सतरावी साक्ष लिहिली: मारिया पापान हिने अंतकाळी सांतियागोंचं दर्शन घेतलं आणि आनंदाने देह ठेवला.

ते वाचून आंद्रेसने खरी साक्ष पाद्र्यांच्या मेजावरून उचलली, सदऱ्यात घातली आणि गाव सोडलं. डोंगरापलीकडच्या गावात पंचांपुढे ती वाचायची, मग पुढच्या गावात, मग त्याच्या पुढच्या. दोन दिवस तो एकटा पायी चालला.

त्या गावच्या धर्मशाळेतल्या बाईने त्याच्यापुढे गरम पोळ्या आणि घेवडा ठेवला. कागद बघून म्हणाली, "वाचून दाखवणार आहात म्हणे. जमलेत सगळे चौकात."

"मी तर अजून कुणाला सांगितलं नाही," आंद्रेस म्हणाला.

"तुमच्या सोबत्यानं सांगितलं की." तिने हात पुसले. "त्यांना म्हणावं, खाली उतरा, दोन घास खा. सकाळपासून घोड्यावरच आहेत... आणि आमची म्हातारी माणसं बघा, त्यांना ओळखतो म्हणतायत."