दोष क्रमांक एकेचाळीस

हे खरं आहे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. लिंडसेची तीन बोटं मात्र खरोखर मोडली आहेत.

ती मी मोडली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी २०१९. दुपारचे अडीच. पश्चिम ऑस्ट्रेलियात, लिओनोराच्या उत्तरेला नव्वद किलोमीटरवरची आमची दगडखाण. बाहेर सेहेचाळीस डिग्री.

मी तिथे इलेक्ट्रिशियन. धाकटा भाऊ गॅव्हन क्रशरवर, दगड चिरडायच्या यंत्रावर.

क्रशरच्या कंट्रोल बॉक्सला स्क्रीन नव्हता, धुळीत टिकत नाही. बिघाड झाला की बॉक्स शिट्ट्या वाजवायचा. उंच, खोल, उंच. क्रशरवरचा माणूस आपला वॉकीटॉकी स्पीकरपाशी टांगायचा आणि बोलायचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचा. दोन किलोमीटरवर, केबिनमध्ये, माझा लॅपटॉप त्या शिट्ट्यांची अक्षरं करायचा.

एकूण चाळीस दोष. यादी भिंतीवर.

नोव्हेंबरात आमच्यातला मर्व्ह टोंकिन क्रशरच्या आत शिरून त्याचा दगड चावणारा जबडा साफ करत होता. आत माणूस असताना कोणी वीज चालू करू नये म्हणून त्याचं कुलूप मेन स्विचला होतं. मुकादम लिंडसेला वाटलं, मर्व्ह कुलूप विसरून सुट्टीवर गेला. त्याने फोनही न करता कुलूप कापलं. बटण दाबलं.

दोष ०९ : जबडा अडकला

मी रीसेट केलं.

दोष ०९ : जबडा अडकला

मी रीसेट केलं.

तिसऱ्यांदा जबडा सुटला.

मर्व्हला आम्ही खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून फावड्याने गोळा केलं.

तेव्हापासून नवा नियम. क्रशरवरच्या माणसाचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.

त्या गुरुवारी पुन्हा तेच...

दोष ०९ : जबडा अडकला

शिट्ट्या थांबल्या. म्हणजे गॅव्हनने पट्टी काढली असणार.

"गॅव्ह, कुठे आहेस?"

"बाहेर. दगड निघाला. चालू कर, टेगन."

तोच आळसावलेला आवाज.

लिंडसेने चहाचा मग ठेवला. "ऐकलंस ना? मग झालं तर."

तेवढ्यात पुन्हा शिट्ट्या...

दोष ४१ : आत माणूस

यादीत एकेचाळीस नव्हता. आणि त्या मशीनला माणूस कळेल असं काही बसवलेलंच नव्हतं.

लिंडसे स्क्रीनकडे बघत राहिला. "हे कोणी घातलं?"

"कोणी नाही."

"तुम्ही भावंडांनीच. तीन महिने माझ्या ताटाकडे बघत जेवताय सगळे. मेला मर्व्ह. मी मारला. अजून काय लिहून हवंय?"

दोष ४१ : आत माणूस
दोष ४१ : आत माणूस

"गॅव्ह, खरंच बाहेर आहेस?"

"बाहेरच गं. म्हातारी झालीस का? चालू कर."

आवाज आला... आणि त्या आवाजामागे शिट्ट्या चालूच होत्या.

म्हणजे रेडिओ अजून स्पीकरपाशीच टांगलेला होता. पट्टी लावलेला. बटण दाबलेल्या रेडिओत समोरचं काहीच ऐकू येत नाही.

मग माझ्या प्रश्नांना उत्तरं कोण देत होतं?

लिंडसेचा हात चालू करायच्या बटणापाशी पोचला होता.

"लिंडसे, हात काढ."

"आवाज ऐकलाय मी. नियम पाळलाय."

"हात काढ."

त्याची बोटं बटणावर टेकली. मी टेबलावरचा पाना उचलून त्या हातावर घातला. हाडं मोडल्याचा आवाज आला. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरले, डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. तोंडात रक्त, दाताचा तुकडा. मी पाना आडवा फिरवला, तो गुडघ्यावर बसला. मी मुख्य तार उपटली आणि गाडीकडे धावले.

क्रशरच्या मेन स्विचला कुलूप नव्हतं.

गॅव्हन कमरेपर्यंत जबड्यात उभा होता. कानात बोळे. घणाने दगड फोडत होता.

"दोन मिनिटांचं काम होतं गं," तो म्हणाला. "म्हणून कुलूप..."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. तो माझ्या तोंडातल्या रक्ताकडे बघत राहिला.

रेडिओ स्पीकरपाशी लटकत होता. पट्टी जशीच्या तशी.

बॉक्स गप्प.

चौकशीत रेडिओचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात शिट्ट्या फक्त नऊ नंबरच्या. लॅपटॉपवरही एकेचाळीस कुठे सापडला नाही. पण आवाज होता. स्वच्छ. "चालू कर, टेगन."

गॅव्हनने तो दोनदा ऐकला. "हा मीच आहे," म्हणाला आणि बाहेर जाऊन ओकला.

त्या दोघांत मर्व्ह कोण होता, मला माहीत नाही.

शिट्टी... की आवाज.

गॅव्हन आता पर्थला बेकरीत असतो. मी कालगुर्लीत, तिथून सहाशे किलोमीटरवर. त्याचा फोन आला की मी आधी चेहरा दाखवायला लावते. तो हसतो, पण दाखवतो.

काल संध्याकाळी फोन आला.

"कॅमेरा बिघडलाय गं. तुझ्याच दारात उभा आहे. उघड."

आवाज त्याचाच.

मी उघडलं नाही. दारावर बराच वेळ थापा पडत होत्या. आधी हाताच्या. मग कशाच्या, ते कळलं नाही. मग तो नुसता माझं नाव घेत राहिला... मग तेही थांबलं.

आज सकाळपासून गॅव्हन फोन उचलत नाहीये.