नसलेला खटका

“बंदूक साफ करताना सुरक्षेचा खटका निसटला, बार उडाला आणि मालक जागीच ठार झाला,” असा पोलिसांचा अहवाल होता. वाक्य सुबक होते. दोष एवढाच, की या बंदुकीला खटकाच नव्हता.

ठाण्यात बंदूक तपासायला आलेल्या, जुन्या शस्त्रांच्या अभ्यासात केस पिकलेल्या बाईंना हे सांगायला भिंग लागले नाही. ही जोडनळीची बंदूक रानातल्या शिकारीची नव्हती; पेटीतून सोडलेली जिवंत कबुतरे टिपण्याच्या शर्यतीसाठी ती घडवली होती. नळ्या चांगल्या तीस इंची. दोन्हींची तोंडे आवळलेली, कारण पक्षी कुंपणाच्या आत पडला तरच गुण. वरची पट्टी सपाट आणि कानशीने खरवडलेली, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून. खांद्याला अडकवायला कडी नाही. पेटी उघडताच बार काढायचा. तिथे खटका चाचपत बसणार कोण? म्हणून कारागिराने तो ठेवलाच नव्हता. जिथे अंगठा टेकतो, तिथल्या पोलादावर पंख पसरलेले एक कबुतर अखंड कोरलेले होते.

बाईंनी त्यावर पातळ कागद ठेवला, शिसपेन्सिल घासून ठसा उतरवला आणि खाली तारीख घातली.

बाहेर बाकावर मृताची बायको बसली होती.

“तीस वर्षं शर्यती खेळलेला माणूस भरलेली बंदूक पुसायला घेईल का हो? धाकट्या भाऊजींनी जबाब दिला आणि झालं. बंदुका दुरुस्तीचं दुकान दोघांचं होतं, आता एकट्याचं. माझा नवरा जिवानिशी गेला, वर बावळटही ठरला.”

“खटकाच नाही, म्हणजे तो निसटल्याचा जबाब खोटा. उद्या लेखी देते,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फौजदाराने त्यांच्यासमोर बंदुकीवरचे लाखेचे सील फोडले. सील शाबूत होते. कबुतराच्या मानेवर मात्र केसाएवढी रेघ होती.

“ही काल नव्हती.”

“चष्म्याचा नंबर वाढला असेल, बाई. एका खटक्याचा किती कीस काढणार?”

बाईंनी त्या दिवशी काही लिहिले नाही. ज्यांना कागदापुढे वस्तू दिसत नाही, त्यांच्याशी रेघेवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती रेघ राहिली नव्हती. खाच झाली होती. खाचेत पोलादाची एक जीभ होती. बाईंनी ती दाबली. ती अलगद पुढे सरकली. खाचेत जुने, काळे पडलेले वंगण होते. जिभेच्या कडा वर्षानुवर्षे कुणाचा तरी अंगठा फिरल्यासारख्या गुळगुळीत होत्या.

बाईंनी पिशवीतून ठसा काढला.

कागदावर कबुतर होते. मानेत खाच होती. खाली त्यांच्याच अक्षरात पहिल्या दिवसाची तारीख होती.

“घ्या! तुम्हीच तर उतरवलाय,” फौजदार म्हणाला.

दुपारी बंदूक ओळखायला मृताच्या धाकट्या भावाला बोलावले. बंदुका दुरुस्त करणारा माणूस. तो हसतच आत आला.

“काय बाई, तुमच्या पुस्तकांत नव्हता म्हणे खटका?”

फौजदाराने बंदूक त्याच्या हातात दिली. अंगठा सवयीने जागेवर गेला. हसू ओठांवरच राहिले.

“हे कुणी बसवलं?”

बंदूक त्याने टेबलावर ठेवली नाही. ती हातातून सोडवून घ्यावी लागली. मग त्याने कागद मागितला.

त्याने लिहिले ते फौजदाराने वाचले आणि वर शेरा मारला: ‘शोकाने भ्रमिष्ट. कबुली मुद्देमालाशी विसंगत. अपघात कायम.’ कागदी घोडे असे नाचतात, की जिवंत माणसाला वाट सोडावी लागते.

बाईंनी नक्कल मागून घेतली आणि बाकावर बसलेल्या मृताच्या बायकोच्या हाती दिली. जगात तेवढाच एक कागद खरा उरला होता. त्यावर शब्दशः असे होते:

“बंदुकीला खटका नव्हता. दादाला दोन पावलांवरून मी मारलं. खटक्याचं मी मनानं रचलं; दुकानात येणाऱ्या प्रत्येक बंदुकीला असतो, म्हणून सुचलं. आज तो माझ्या अंगठ्याखाली सरकला. तो गरम होता. आणि त्याच्याखाली, कबुतर मुठीत धरल्यावर धडधडतं ना, तसं धडधडत होतं.”