झिऱ्यावरची हाक

आम्ही निघालो ते साध्याच कामाला. आजीच्या झिऱ्यात एक रानटी उंट मरून पडला होता. तो ओढून काढायचा, गाळ उपसायचा, आणि नवं पाणी झिरपलं की एक बाटली भरून आणायची. आजी तिकडे ॲलिस शहरातल्या इस्पितळात, किडनीच्या यंत्रावर. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचा जन्म या झिऱ्याकाठचा. जाण्याआधी तिथलं घोटभर पाणी तिला हवं होतं.

गाडी क्लिफ्टनमामा चालवत होता. मी मेलबर्नहून शिकून आले, रेंजरचा खाकी शर्ट अंगात घातला, तेव्हापासून तो मला मॅडम म्हणतो. वाटभर मी बोलत होते. प्रत्येक झिऱ्याला कुंपण घालू, एकही पाणवठा मरू द्यायचा नाही, आपली जमीन आपणच राखायची. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"उंटालाही समजावा मॅडम. तुमचीच वाट बघतोय तो."

काठाशी पोचल्यावर मामाने एक खडा काखेतल्या घामात घोळवून झिऱ्यात टाकला आणि तिथल्या जुन्या, कधीच्या गेलेल्या माणसांना हाक दिली. आम्ही आलोय, ही तुमचीच नात, हिचा वास ओळखून ठेवा. मीही खडा टाकला. पाण्याजवळ जायचं तर ही हाक द्यावीच लागते. उत्तर कधी येत नाही.

दोरखंड बांधून उंट ओढला. मग फावड्याने काळा गाळ काढत राहिलो. उन्हात सगळं पांढरं पडलेलं, माशांची घोंघों चाललेली, घशात ती सडकी घाण. आणि एकाएकी माशा गप्प झाल्या. घाणही विरली. तळातून स्वच्छ पाणी हळूहळू वर चढत होतं.

टेकाडापलीकडून कोणीतरी हाक मारली. लांबलचक, चढत जाणारी. घरी परतणारा माणूस दुरून देतो तशी. आवाज आजीचाच होता, पण तरुण... धाप नसलेला.

मला इतका आनंद झाला की मी तोंडभरून तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव.

मामाचा चिखलाने भरलेला हात माझ्या तोंडावर आला.

"नको घेऊ," तो पुटपुटला. "आता नाही घ्यायचं ते..."

तेव्हा मला कळलं. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात कोणी उच्चारत नाही. आपल्या पाण्याकडे निघालेला जीव नाव ऐकून मागे वळतो, आणि मग त्याला वाट सापडत नाही.

हाक पुन्हा आली नाही. टेकाडाच्या उतारावर अनवाणी पावलं उमटली होती, पाण्याच्या रोखाने. आमच्याकडे माणूस पावलावरून ओळखतात. मामाने वाकून पाहिलं आणि तो वाळूतच बसला. आवाज न करता रडत राहिला. पावलं निम्म्या वाटेवर थांबली होती. तिथून ती माझ्याकडे वळली होती. पुढे काहीच नव्हतं.

पाल्याच्या फांद्या तोडून आम्ही ती पावलं झाडून टाकली, तिला जायला मोकळं व्हावं म्हणून. मी बाटली घेऊन वाकले.

"कोणासाठी भरतेस आता?" मामा म्हणाला.

परत आलो तर गाडीचं मागचं दार उघडं होतं. सीटखाली वाळू होती, ओली. मामा दाराशी उभा राहून आमच्या जुन्या बोलीत कितीतरी वेळ तिची समजूत घालत राहिला. इतकी वर्षं दूर राहिलेल्या मला त्यातला एकच शब्द कळला... घरी. मग त्याने दार लावलं.

"उतरली का, मामा?"

"हाक तू मारलीस," तो म्हणाला. रागाने नाही. "तूच विचार."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर फोनला रेंज आली, आणि इस्पितळाचा निरोप. मला तो ऐकायची गरज नव्हती.

तिला पुरलं, सगळे जमले, रडले, आपापल्या घरी गेले. मामा त्या गाडीत बसत नाही. रेंजरांच्या शेडबाहेर ती उन्हात उभी असते, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. काल मी मागचं दार उघडलं. वाळू अजून ओली आहे. गार आहे. आणि मी बसले होते त्या सीटच्या अगदी मागे, त्या वाळूत पायाची पाच बोटं रुतली होती... कोणी पुढे वाकून कानाशी यावं, तशी.