गुरम्माचा शिवदोरा

फोन आला तेव्हा शिवप्पा औश्यात जिलानी टेलरच्या दुकानात पायजम्याचं माप देत उभा होता. हिमाचलातल्या खिंडीत बर्फ घसरला, ट्रेकच्या बाकी बाया सुखरूप आहेत, तुमच्या पत्नी गुरम्मा सापडत नाहीत, असं पलीकडचा माणूस म्हणाला. जिलानीची टेप तशीच शिवप्पाच्या कमरेला राहिली.

घरी आल्यावर त्याला देवळीत बायकोची चांदीची डबी दिसली. आत तिचं इष्टलिंग. निघायच्या सकाळीच ते गळ्यात बांधायचा शिवदोरा तुटला होता अन् बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. "आल्यावर ओवते," म्हणून ती गेली. लिंगायताचं लिंग जिवंतपणी अंगावरून उतरत नाही, अन् मेल्यावर बसवून पुरताना ते डाव्या तळव्यावर ठेवतात. गुरम्माचा देह मिळालाच नाही. लिंग तेवढं घरी राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात शिवप्पानं तिची जुनी सॅक काढली. त्या सॅकेत ज्वारी भरून ती सरावाला किल्ल्याभोवती फेऱ्या मारायची.

"लिंग तिथंच पुरून येतो," तो म्हणाला.

"एकटा? माझ्या दुकानाची पायरी चढताना दम खातोस," जिलानी म्हणाला. "मी बी येतो. वहिनीच्या हातचं लई खाल्लंय."

खिंडीखालच्या चढावर श्वास पुरत नव्हता. बुटाखाली बर्फ मिठासारखा करकरत होता. पाठीवरची सॅक मात्र शिवप्पाला हलकी लागत होती, मागून कुणी हात दिल्यासारखी. त्यानं वळून पाहिलं. जिलानी बराच खाली होता.

पुढं चाललेला वाटाड्या दोरजे थांबला. चहूकडं गुडघाभर बर्फ, अन् मधे मांडी घालून एक माणूस बसेल एवढी जमीन कोरडी.

"बाई इथंच दिसेनाशा झाल्या. तेव्हापासून इथं बर्फ टिकत नाही," तो म्हणाला, अन् लांब जाऊन उभा राहिला.

शिवप्पानं खड्डा उकरला. माती ऊबदार होती. त्यानं डबी उघडली.

लिंगाला नवा पांढरा दोरा होता.

"तू ओवलास?" धापा टाकत आलेल्या जिलानीनं विचारलं.

"न्हाई. घरनं निघताना बिगरदोऱ्याचं होतं."

जिलानीनं दोऱ्याचं टोक बोटावर घेतलं. गुरम्मा दुकानात आली की समोर कात्री असून दोरा दातानं तोडायची. "वहिनी, माझी कात्री गंजलीय का?" म्हणून तो चिडवायचा.

हे टोक कात्रीचं नव्हतं. चावलेलं होतं.

अजून ओलं होतं.

शिवप्पाचा हात आपल्या गळ्यातल्या लिंगाकडं गेला. दोरा ओवलेलं लिंग गळ्यात घालायचं असतं. त्यानं खड्डा रिकामाच बुजवला.

डबी आता औश्यात, त्याच देवळीत आहे. पहाटे गुरम्माच्या पूजेच्या वेळी ती रिकामी असते. उन्हं आली की लिंग परत आत असतं, दोरा गार अन् भिजलेला.

पुरायचं राहिलं आहे.