अण्णांचं एक बोट

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या हाताखाली घडली आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका.

मी आसाराम. नांदूरघाटच्या बाजूला आमचा सहकारी साखर कारखाना. तिथल्या आगीच्या बंबावर मी पंप सांभाळतो. पुढे पाइप धरायचे गहिनीनाथ अण्णा. दहा वर्षं आम्ही दोघं एका डब्यात जेवलो.

बंब घेतला होता डिस्टिलरीसाठी. स्पिरिटची आग नुसत्या पाण्याला दाद देत नाही, तिला फेस लागतो. फेसाच्या औषधाचा वीस लिटरचा कॅन, त्यात सोडलेली नळी, आणि पाण्यात औषध किती ओढायचं ते ठरवणारी एक पितळी चकती. चकतीला तीन खाचा. एक, तीन, सहा, म्हणजे शंभर लिटरमागे तितके लिटर औषध. आमची कायम सहावर असायची. मी तर ती कधी फिरवलीच नव्हती. फिरवायची असते हेही माझ्या डोक्यात नव्हतं.

एप्रिल २०१५. दुष्काळ. बंबाच्या टाकीत निम्मंच पाणी.

भर दुपारी घाटाखालचा माळ पेटला. पाणी पुरायचं नाही, फेसावर भागवू, असं अण्णा म्हणाले. कॅन एकच होता. ते पाइप घेऊन पुढे गेले, मी पंपावर थांबलो. पंपाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून आमचं सगळं बोलणं हातांनी चालायचं.

अण्णांनी मागे वळून एक बोट वर केलं.

कारखान्यात एक बोट म्हणजे 'एक मिनिट थांब'. मी थांबलो.

त्यांनी पुन्हा बोट दाखवलं, हात उंच करून. मी लांबूनच मान हलवली, की थांबलोय.

दोन मिनिटंही झाली नसतील... कॅन रिकामा झाला आणि पाइपातून पांढरा फेस यायचा बंद झाला.

नुसतं पाणी. ते वाळल्या कुसळीवरून ओघळून जात होतं. तेवढ्यात वारा फिरला आणि धूर माझ्या अंगावर आला.

धूर सरला तेव्हा पाइप दिसला. अण्णा दिसले नाहीत.

छबुवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मीच जाऊन सांगितलं. अण्णांनीच थांबायला सांगितलं होतं वहिनी, असंही सांगितलं. वर्षभर सगळ्यांना हेच सांगत होतो. स्वतःलाही.

त्या पावसाळ्यातही पाऊस आला नाही. त्याच माळाच्या पायथ्याला चारा छावणी पडली. सहाशे जनावरं. छबुवहिनी दोन गाई घेऊन तिथेच राहत होत्या.

मार्च २०१६. पुन्हा दुपार. पुन्हा तोच माळ पेटला, आणि वारा छावणीकडे.

या वेळी पाइपावर नवा माणूस होता, म्हाळू. मी कॅनमध्ये नळी सोडली. चकती सहावर आहे हे बघून घेतलं. पंप चालू केला.

आणि पंपाचा आवाज... नाहीसा झाला.

दाबाचा काटा हलत होता. पाइप फुगला होता. तळहाताखाली इंजिन थरथरत होतं. पण कानांत काहीच नाही. लांबवर हंबरणारी गुरंही गप्प.

मग...

टक.

टक.

मी खाली बघितलं. चकती एकवर होती.

थरथरीने ढिली झाली असेल म्हणून मी ती परत सहावर नेली. हात काढला नाही तोच...

टक. टक.

पुन्हा एकवर. पितळेवर ओल्या फेसाचा ठसा होता. एकाच बोटाचा. माझे हात कोरडे होते, आणि म्हाळू माझ्यापासून पन्नास पावलं पुढे.

पुन्हा फिरवायची माझी हिंमत झाली नाही. पाण्यात औषध कमी पडणार, छावणी जाणार, वहिनीही जाणार, असं वाटून मी तिथेच बसून रडलो.

पण फेस येत राहिला. पातळ, ओला. गवतात मुरत राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, आठ झाली. छावणीच्या कुंपणापासून वीस पावलांवर आग बसली. कॅनच्या तळाला औषध अजून शिल्लक होतं.

तेव्हा कुठे पंपाचा आवाज परत कानावर आला.

वहिनी माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

"ह्ये घरी म्हनायचे," त्या म्हणाल्या. "स्पिरिटला सहा, गवताला एक. पानी कमी आसल्यावर तर एकच."

मी वळून चकतीकडे बघितलं.

"भावजी, त्यांनी बोट वर केलं, तवा तुमी काय केलं?"

"थांबलो," मी म्हणालो.

त्यांनी तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि गाईंकडे निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. पुन्हा त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

मी अजून त्याच बंबावर आहे. डिस्टिलरीच्या नियमाने रोज संध्याकाळी चकती सहावर ठेवून बंबाच्या शेडला कुलूप लावतो. सकाळी उघडतो तेव्हा ती एकवर असते. फिटरने चकती बदलून बघितली. नवीचंही तेच.

भीती वाटते का? आता तशी नाही वाटत. वाईट याचं वाटतं, की अण्णा अजून तिथेच उभे आहेत, बोट वर करून.

रोज सकाळी मी चकती सहावर आणतो आणि मोठ्याने म्हणतो, अण्णा, कळलं मला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा एकवर असते.