मामाच्या कमरेचे मासे

“मासे कुठायत?”

पाण्यातून डोकं वर काढून मामा एवढ्या जोरात ओरडला, की खडकावर बसलेले पक्षी भर्रकन उडाले. त्याच्या एका हातात भाला होता आणि दुसऱ्या हातात रिकामी दोरी.

“तिखट! तुला तरंग्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना?”

तिखट म्हणजे त्याची भाची. वय बारा. खरं नाव वेगळंच होतं, पण ते फक्त शाळेत हजेरीला उपयोगी पडायचं.

“ठेवलं होतं लक्ष!” काठाजवळच्या उथळ पाण्यात उभी राहून तीही ओरडली. “तरंगा दोनदा गचकन खाली गेला. मी हाका मारल्या. तू पाण्याखाली होतास, तुला काय ऐकू येणार?”

तरंगा म्हणजे फुटबॉलएवढा नारिंगी फुगा, वर लाल झेंडा. इथे खाली माणूस आहे, हे होड्यांना कळावं म्हणून तो लावायचा. मामा भाल्याने टिपलेला मासा दोरीत ओवायचा आणि दोरी तरंग्याखाली लटकवून पुन्हा बुडी मारायचा. वर येऊन बघावं तर मासे गायब! आज तिसऱ्यांदा झालं होतं हे.

“तरंगा आपोआप खाली जात नसतो,” मामा म्हणाला. “कुणीतरी ओढलाय. आणि पाण्यात तुम्ही तिघंच होतात!”

तिघं म्हणजे तिखट, तिचा चुलतभाऊ ढापण्या आणि ढापण्याची धाकटी बहीण शेपूट. ढापण्याचा चष्मा जाड होता आणि शेपूट कायम कुणाच्या तरी मागे असायची, म्हणून ही नावं.

“आम्ही कशाला ओढू तुझे मासे?” ढापण्या म्हणाला.

“गंमत म्हणून! माझी फजिती बघायला!”

“त्यासाठी आम्हाला काही करावं लागत नाही,” शेपूट म्हणाली. झालं! मामाचा पारा आणखी चढला.

ते उतरले होते त्या समुद्रकाठच्या अतिथीगृहाच्या व्हरांड्यात सगळे पाहुणे चहा पीत बसले होते. तिथे, सगळ्यांच्या देखत, मामाने तिघांचे मास्क आणि पायांत घालायचे फिन्स गाडीच्या डिकीत टाकले आणि किल्ली खिशात घातली. “चोर कबुली देईपर्यंत कुणी पाण्यात पाय घालायचा नाही!” आणि हे म्हणताना तो तिखटकडेच बघत होता.

तिखटचे कान लालेलाल झाले. वर्षभर भल्या सकाळी उठून ती तलावात पोहायला शिकली होती ती याच सुट्टीसाठी. सुट्टीचे थोडेच दिवस राहिले होते. आणि आता ती अनोळखी माणसांसमोर चोर ठरली होती. पाण्याचं जाऊ दे, पण चोर?

मामा एरवी कुठे काम करायचा माहीत आहे? लिफ्टच्या कंपनीत, तक्रारी ऐकायच्या खात्यात! दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून त्याचे कान बहुतेक कायमचे बंद झाले होते. सामान भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या ताईने पहिल्याच दिवशी सगळं नीट सांगितलं होतं. मासा पकडला की लगेच मारून टाकायचा, तडफडत ठेवायचा नाही. दोरी कल्ल्यातून आत घालून तोंडातून बाहेर काढायची. मासे अंगाला कधीच बांधायचे नाहीत. तिघांनी कान देऊन ऐकलं होतं. मामा तेव्हा आरशासमोर उभा राहून कुठल्या रंगाचे फिन्स शोभतात ते बघत होता.

“चला,” तिखट म्हणाली. “खरा चोर आपणच शोधायचा.”

अतिथीगृहामागच्या मोरीत मामाची बादली तशीच पडली होती. दोरी त्याने न धुताच आत कोंबली होती. ढापण्याने ती चष्म्याला चिकटेल इतकी जवळ धरली.

“ई! हे काय लोंबतंय?”

दोरीत बोटाच्या पेराएवढा एक तुकडा अडकला होता. तिखटने तो उलटसुलट करून पाहिला.

“ओठ आहे! माशाचा ओठ!”

“म्हणजे मामा ओठातूनच ओवतो!” ढापण्या म्हणाला. “पातळ कातडं. जरा ओढलं की टर्रकन फाटणार.”

“पण ओढलं कुणी? माणूस चोर असता तर दोरी सोडून अख्खा मासा नेला असता. ओठ कशाला मागे ठेवेल?”

दोरी ठिकठिकाणी बारीक पिंजली होती, जुन्या ब्रशसारखी. चाकूने कापलेली दोरी अशी दिसत नाही. पण मग कशाने? शेपूट एकदम टाळ्या पिटत म्हणाली, “दातवाल्या काकांना विचारू या!”

शेजारच्या खोलीत एक दंतवैद्य सुट्टीला आले होते. सुट्टीतही ते समोरच्याचं तोंड बघूनच बोलायचे. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, खिशातून भिंग काढलं आणि दोरी बराच वेळ न्याहाळली.

“हे दात आहेत,” ते म्हणाले. “बारीक, सुईसारखे. एका रांगेत नाहीत, भरपूर रांगा आहेत. आणि ही खूण बघ, केवढी रुंद! जबडा माझ्या दोन वितींहून मोठा असणार. असला पेशंट माझ्या खुर्चीत मावायचा नाही, बेटा!”

“म्हणजे मोठा मासा?”

“मोठा आणि आळशी. शिकारीला धावत नसेल. कपारीत बसून तोंडापाशी आलं की गिळत असेल.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा रोज त्याच काळ्या खडकापाशी जायचा. खडकाखाली अंधारी गुहा होती. वर तरंगा, खाली रक्त गळणारे, तडफडणारे मासे. मामा शिकार करत नव्हता. मामा खाणावळ चालवत होता!

धावत जाऊन त्यांनी मामाला सगळं सांगितलं. ओठ दाखवला, दोरी दाखवली. मामाने भाल्याला तेल लावता लावता “हं, हं” केलं आणि शेवटी म्हणाला, “गोष्टी छान रचता. उद्यापासून मासे माझ्या कमरेला! बुडी मारायला वजनाचा पट्टा लावतो ना, त्यालाच घट्ट बांधणार. बघू कोण चोरतंय!”

“मामा, नको!” तिखट किंचाळली. “त्याने मासे ओढले तर तूही ओढला जाशील! ताईने सांगितलं होतं ना, अंगाला बांधायचे नाहीत!”

“ते नवशिक्यांसाठी असतं.”

“म्हणजे तूच की,” शेपूट म्हणाली.

“खोलीत जा तिघंही!”

मामी खोलीत गुलाबी लोकरीचं काहीतरी विणत बसली होती. ती सगळं ऐकत होती. तिखट तिच्यासमोर धपकन बसली. रागाने तिला रडूच यायला लागलं होतं. “मामी, तू तरी सांग ना त्याला!”

“लग्न झाल्यापासून तेच तर करतेय,” मामी सुई न थांबवता म्हणाली. “भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना भिंत शहाणी झाली असती. पण सकाळी पट्टा पाठीमागे कोण बांधतं त्याचा?”

“मी. त्याचा हात पोचत नाही.”

“मग?” मामीने गुंडा तिच्या मांडीवर टाकला. “माझी लोकर फार कच्ची निघाली गं. जरा जोर लावला की तुटते.”

तिखटच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मग उठून तिने मामीला कडकडून मिठी मारली.

न्हाणीघरात त्यांनी प्रयोग केला. लोकरीचा एकच पदर बांधून बादली टांगली. अर्धी बादली पाणी आरामात राहिलं. ढापण्याने बादलीला खाली हिसका दिला, आणि फट्! शेपटाच्या पायावर सगळं पाणी.

“जमलं!” ओलीचिंब शेपूट नाचत ओरडली.

सकाळी मामा पाण्यात उतरताना तिखटला म्हणाला, “पक्की गाठ मार हं!”

“मारते,” ती म्हणाली. माशांची दोरी तिने तरंग्याच्या लांब दोराला खरोखरच पक्की बांधली, निरगाठ मारून. पट्ट्याला मात्र ती गुलाबी लोकरीच्या एका पदराने अडकवली. मामाने मागे वळूनही पाहिलं नाही.

तिघं आणि मामी काठावर बसले. गंमत बघायला व्हरांड्यातले पाहुणेही आले. मामाने भाल्याने एक मासा पकडला, वर येऊन ऐटीत हलवून दाखवला आणि पुन्हा ओठातूनच ओवला. मासा त्याच्या मांडीशी फडफडत राहिला.

“मार ना त्याला आधी!” तिखट पुटपुटली. मामा बुडी मारून गेला. दुसरा मासा आला. मामा पुन्हा खाली गेला, काळ्या खडकाकडे.

पाणी शांत होतं. मग तरंगा थरथरला.

“आला!” ढापण्या उभा राहिला.

तरंगा आडवा झाला, लाल झेंडा पाण्यावर आपटला, आणि एवढा मोठा फुगा भुस्सकन पाण्याखाली गेला! दिसेनासाच झाला! पाहुण्यांमध्ये कुणीतरी ओरडलं. मामी ताडकन उठली. विणकाम खाली पडलं.

“मामा!” तिखटचा आवाज फाटला. तिला एकदम वाटलं, पदर दोन तर बांधले गेले नसतील? गाठ जास्त तर बसली नसेल? मास्क नाही, फिन्स नाहीत, तरी ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

तेवढ्यात खळ्ळ आवाज झाला आणि मामाचं डोकं वर आलं! तोंड उघडं, डोळे मास्कच्या काचेएवढे. तो जिवाच्या आकांताने पाणी कापत काठाकडे आला. भाला कुठे पडला याचीही त्याला शुद्ध नव्हती.

“त्याने... तोंड उघडलं,” मामा खडकावर आडवा पडून धापा टाकत म्हणाला. “आंघोळीच्या टबाएवढं! दोन्ही मासे एका घासात! मला मागे हिसका बसला, मी गुहेकडे ओढला जात होतो... मग सुटलोच! कसा सुटलो?”

त्याच क्षणी तरंगा टुणकन वर उसळला. ढापण्याने दोर ओढून घेतला. दोरीच्या टोकाला दोन ओठ लोंबत होते.

मामाने पट्ट्याला हात लावला. बोटांत गुलाबी धागा आला. “हे काय आहे?”

“तुझा जीव,” मामी म्हणाली. तिचा आवाज एवढा कापताना तिघांनी कधी ऐकला नव्हता.

मामाने तो धागा बोटाभोवती गुंडाळला. मग हळूच म्हणाला, “मी पक्की गाठ मार म्हणालो होतो.”

“आणि मी अंगाला बांधू नकोस म्हणाले होते!” तिखट कडाडली. “तू एकदा तरी ऐकतोस का? सगळ्यांसमोर चोर म्हणालास मला! चोर!”

मामा उठला. पाहुण्यांकडे तोंड करून, फिन्स फटफटत, ओलाचिंब उभा राहिला.

“ऐका हो सगळ्यांनी. ही चोर नाही. हिने तीनदा खरं सांगितलं, आणि मी गाढवासारखा वागलो. या तिघांमुळे आज मी इथे उभा आहे.” त्याने किल्ली काढून तिखटच्या हातावर ठेवली.

“शाब्बास पोरांनो!” दंतवैद्य काका म्हणाले. “दात बघून रोगी ओळखलात आणि त्याच्या तोंडातून माणूस ओढून काढलात!” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मामीने तिघांना एकदमच कवेत घेतलं, ओल्या तिखटसकट.

दुसऱ्या दिवशी मामा नवा भाला घेऊन दुसऱ्या खडकापाशी गेला, काळ्या खडकापासून चांगला लांब. तिखट, मास्क लावून, तरंग्याजवळ पोहत होती. मामाने मासा वर आणला, लगेच मारला आणि कल्ल्यातून ओवून तरंग्याला बांधला. लांब दोरावर, स्वतःपासून दूर. दोन मासे झाल्यावर ते तिथे लोंबकळत न ठेवता त्याने काठावर नेले. ढापण्याने ते सावलीत ओल्या पोत्यात गुंडाळले.

“आता बरोबर आहे का?” मामाने विचारलं.

तिखटने दोरी ओढून पाहिली. पक्की होती.

“बरोबर आहे. पण फिन्सचा रंग तुला मुळीच शोभत नाही!”

मामाने ऐकलं. पहिल्यांदाच, तोंडातून एक शब्द न काढता.