पंख्याच्या बटणावर फवारा

"काय बंद पडलं ते नंतर बघ, यामिनी. आधी काय चालू आहे ते बघ."

अभनपुरच्या मशरूम शेडच्या दारात, मशीन तपासायला आलेल्या यामिनीला तिला हे काम शिकवणाऱ्या चारुदत्त सरांचे शब्द आठवले. आत फवारा रात्रभर चालला होता. मशरूमच्या पिशव्या लदबदलेल्या, पीक गेलेलं.

दसऱ्याची सकाळ. बचत गटाच्या बाया अध्यक्ष विनोदिनीताईंकडे रोखून बघत होत्या. काल खंडेनवमीला ताईंनी शेड सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची पूजा केली होती.

"पूजेचं पाणी आत गेलं, दीदी. बोर्ड जळला," शिशिर म्हणाला. मशीन त्यानेच बसवलं होतं. नव्या शेडचं काम मात्र ताई दुसऱ्याला देणार होत्या. "आता ताईंनी अध्यक्षपद सोडावं."

ताई हळूच म्हणाल्या, "माह्या हातून झालं असन तर सोडते. नसन, तर आजच अनवाणी रायपूरच्या महामायेले जाईन. नवस बोलली आहे मी देवीले."

यामिनीने मशीनचं झाकण काढलं. कुंकू फक्त वरच. आत कोरडं ठाक. तिने पंख्याचं बटण दाबलं. फवारा सुटला. फवाऱ्याचं दाबलं. पंखा फिरला.

"जळालेला बोर्ड इतकं नीट उलटं काम करतो, शिशिर?"

"मग शेड झाडणाऱ्या श्यामरावांनी तारा बदलल्या असतील."

तारांवरची धूळसुद्धा हलली नव्हती. यामिनीने स्क्रीनवर, तारा जिथे जोडतात त्या पिनांना कामं वाटून देणारा प्रोग्राम उघडला. बोर्डाचं चित्र, पिनेवर बोट ठेवायचं, त्या पिनेने काय चालवायचं ते निवडायचं. पंखा आणि फवारा यांच्या पिनांची अदलाबदल झाली होती, म्हणून रात्रभर पंख्याऐवजी फवारा चालला.

"हे तर पोट्टंही करते," शिशिर हसला. "कोणीही केलं असन."

"ताई, पूजेला मशीन दरवर्षी बंद करता?"

"नाही बाई, चालूवरच फूल वाहते. औंदा शिशिरभैयाच म्हणे, बंद करूनच करा, शास्त्र आहे."

"याले कवापासून शास्त्र?" मागून एक बाई फिस्कारली.

"पिना बदलल्या, तरी मशीन बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत जुनंच चालतं," यामिनी म्हणाली. "हे बदलणाऱ्यालाच ठाऊक. त्याने पिना आधीच उलटवून ठेवल्या आणि मग मशीन बंद करायला लावलं. म्हणजे हात ताईंचा, दोषही ताईंचा. ताई पदावरून गेल्या की नव्या शेडचं काम कुणाला, शिशिर?"

शिशिर दाराकडे सरकला. श्यामरावांनी झाडू आडवा धरला.

"माह्यं नाव काहून घेतलं रे, पोट्ट्या?"

एकच गलका उठला. यामिनीने पिना जागेवर आणल्या, मशीन पुन्हा सुरू केलं. पंखा घरघरला. ताईंना सांगायला ती वळली.

दाराशी त्यांच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या. ताई रायपूरच्या रस्त्याला लागल्या होत्या.